सहाशे अक्षरांत अडकलेलं एक पत्र

पहिल्या शतकातला चिनी इतिहासकार बान गू (इ. स. ३२–९२) याने आपला भाऊ बान छाओ याला एक पत्र लिहिलं. त्यात फू यी या समकालीन लेखकाला एक टोमणा होता. फू यीला सगळे वूजोंग म्हणत. बान गू लिहितो: ‘बरं लिहिता येतं म्हणून वूजोंग लानथायमध्ये अधिकारी झाला, पण एकदा कुंचला टेकवला की त्याला थांबवत नाही.’ लानथाय म्हणजे हान दरबाराचं ग्रंथागार. बान गू स्वतःही त्याच पदावर काम करून गेलेला होता, हे इथे सांगून ठेवतो.

हे पत्र आज कुठेही नाही. एवढं वाक्य मात्र आहे, आणि ते ज्या वाटेने आलं तिची तपासणी हाच या प्रकरणाचा विषय. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्साओ फीने ते आपल्या एका निबंधात उद्धृत केलं. निबंध ज्या पुस्तकात होता ते पुस्तक बुडालं. पण सहाव्या शतकात श्याओ थोंग या राजपुत्राने काव्याचा आणि वेचक गद्याचा जो मोठा संग्रह केला, ‘वेन श्युआन’, त्याच्या आजच्या मांडणीतल्या बावन्नाव्या खंडात तो निबंध उचलला गेला होता. सातव्या शतकात ली शानने संग्रहावर टीपा लिहिल्या आणि त्या टीपांत आणखी शेकडो पुस्तकांचे तुकडे आले. म्हणजे संग्रहात निबंध, निबंधात पत्र, आणि निबंधाखालच्या टीपेत तिसऱ्याच पुस्तकाचा उतारा.

जुन्या चिनी संग्रहांबद्दल बोलताना ‘त्यांनी अमुक ग्रंथ जपला’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते क्रियापद खटकतं. या साखळीतल्या कोणीही काही जपायला घेतलेलं नव्हतं. प्रत्येकाला आपल्या कामापुरता तुकडा हवा होता, आणि त्याने तेवढाच कापला. उरलेल्या तुकड्याचा आकार मूळ पुस्तकाने ठरवलेला नसतो. कापणाऱ्याच्या गरजेने तो ठरलेला असतो.

टोमणाच का उरला

त्साओ फी (१८७–२२६) हा सेनानी त्साओ त्साओचा मुलगा. २१७ मध्ये तो वारस ठरला आणि २२० मध्ये शेवटच्या हान सम्राटाला पायउतार करून वेई घराण्याचा पहिला सम्राट झाला. २१७ हेच साथीचं वर्ष. त्याच्या भोवतीच्या कवींपैकी श्यू गान, छेन लिन, यिंग यांग आणि ल्यू जेन हे चौघे साथीत एकदमच गेले. वू जी या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्साओ फी त्यांच्यासाठी हळहळतो आणि सांगतो की त्यांचं मागे राहिलेलं लेखन गोळा करून मी एका संग्रहात बांधलं आहे. तो संग्रहही बुडाला. संग्रह केल्याचं सांगणारं पत्र मात्र ‘वेन श्युआन’च्या बेचाळिसाव्या खंडात सुखरूप आहे.

टोमणा ज्यात आला तो निबंध म्हणजे ‘लुन वेन’, साहित्याविषयीची चर्चा. त्याच्या ‘दियान लुन’ या पुस्तकाचं हे एक प्रकरण, सहाशेच्या आसपास अक्षरांचं. त्यात कवी गेल्याचा उल्लेख आहे, तेव्हा ते साथीनंतरचं असावं. सुरुवातच अशी: लेखकांनी एकमेकांना हलकं लेखणं हे फार पूर्वीपासून चालत आलेलं आहे. लगेच पुरावा येतो. फू यी आणि बान गू यांच्यात उजवं-डावं करायला फारसा वाव नव्हता, थोरल्या-धाकट्या भावांत असतो तेवढाच फरक. तरी बान गूने त्याला कमी लेखलं. आणि मग पत्रातली ती ओळ.

त्साओ फीला दाखवायचा होता लेखकांचा मत्सर. म्हणून त्याने पत्रातली सगळ्यात कडवट ओळ घेतली. त्या पत्रात बान गूने आणखी काय लिहिलं होतं? भावाची चौकशी केली असेल, कदाचित फू यीच्या एखाद्या रचनेचं कौतुकही केलं असेल. त्याचा त्साओ फीला काही उपयोग नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत बान गू-फू यी संबंधांबद्दल जे काही लिहिलं जातं, ते या एका टोमण्यावर उभं आहे.

बान गूने भावाला लिहिलेल्या पत्रांचे आणखीही काही तुकडे मिळतात, आणि ते पाहिले की कापणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. हे तुकडे थांग (सातवं ते दहावं शतक) आणि सोंग (दहावं ते तेरावं शतक) काळातल्या विश्वकोशवजा संकलनांत आले आहेत. ‘थायफिंग यूलान’ हे एक हजार खंडांचं संकलन दहाव्या शतकाच्या अखेरीस पुरं झालं. अशा ग्रंथांची मांडणी विषयवार असते: आकाश, पर्वत, शस्त्रं, कापड, सुगंधी द्रव्यं. त्या त्या विषयाचा शब्द जिथे सापडेल तिथून ओळ उचलायची. बान छाओ तीस वर्षं मध्य आशियाच्या वाटांवर होता, तेव्हा त्याला आलेल्या पत्रांतून कापड-गालिच्यांच्या सदरांना भरपूर माल मिळाला. एका तुकड्यात दरबारातला मातब्बर दोऊ श्येन सातशे ठाण रंगीत रेशीम पाठवतो आहे, त्या बदल्यात मध्य आशियातल्या युएजी लोकांचे घोडे, सुगंधी राळ आणि लोकरी गालिचे घ्यायचे आहेत. दुसऱ्यात त्याच दोऊने कोणाबरोबर तरी आठ लाख नाणी पाठवून दहा-बारा लोकरी गालिचे घेतल्याची बातमी आहे.

साहित्यचर्चेने कापला तेव्हा बान गू मत्सरी लेखक झाला. कोशकारांनी कापला तेव्हा तो गालिच्यांचा अडत्या झाला. माणूस एकच, ज्याला लिहितो तो भाऊ एकच.

आणि तो बडबड्या फू यी? ‘वेन श्युआन’च्या सतराव्या खंडात नृत्यावरची एक दीर्घ रचना त्याच्या नावावर आहे. टोमणा आणि टोमणा खाणारा, दोघांनाही एकाच संग्रहात जागा मिळाली.

दगडावरचं पुस्तक

‘दियान लुन’ बुडालं म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे पुस्तक टिकावं म्हणून त्या काळात करता येण्याजोगं सगळं केलं गेलं होतं. त्साओ फीच्या मुलाने २३० मध्ये हुकूम काढून अख्खं पुस्तक दगडावर कोरवलं आणि शिळा पूर्वजांच्या मंदिराच्या दाराबाहेर उभ्या करवल्या. कागद जळतो, रेशीम कुजतं. दगडाला काय होणार, असा हिशेब.

दगडाला पहिली इजा माणसांनीच केली, आणि तीही नऊ वर्षांत. आगीत टाकून धुता येणारं कापड असतं अशा गोष्टी पश्चिमेकडून येत. त्साओ फीने पुस्तकात ठणकावून लिहिलं होतं की असं काही असणं शक्य नाही, अग्नी सगळं भस्म करतो. २३९ मध्ये पश्चिमेकडचे दूत दरबारात ते कापड घेऊनच हजर झाले. अॅस्बेस्टॉसचंच असणार. सर्वांसमक्ष परीक्षा झाली. मग शिळेवरचा तो मजकूर खरवडून टाकावा लागला आणि लोक हसले. खरवडण्याचा हा किस्सा ‘सोऊशेन जी’ या अद्भुतकथांच्या पुस्तकातला. तो आपल्याला कळतो, कारण पाचव्या शतकात पेई सोंगजीने तीन राज्यांच्या इतिहासावर टीपा लिहिताना तो उतरवून घेतला. इथेही वाट अवतरणाचीच.

हा पेई सोंगजी स्वतः सैन्याबरोबर लुओयांगला गेला होता, आणि शिळा राजविद्यालयात उभ्या असलेल्या त्याने पाहिल्या. मंदिराच्या दारात मात्र एकही नव्हती. गावातल्या म्हाताऱ्यांनी कारण सांगितलं की राज्य बदलल्यावर त्या तिथून इकडे हलवल्या. पेईला ते पटलं नाही आणि त्याने तसं नोंदवलंही. लुओयांगच्या मठांचा वृत्तांत लिहिणारा यांग श्युआनजी सांगतो की एकूण शिळा सहा होत्या, पैकी ४९३ पर्यंत चार शिल्लक होत्या. आज एकही नाही. कागदावरचं पुस्तक स्वे घराण्याच्या (सहाव्या शतकाची अखेर ते सातव्याची सुरुवात) ग्रंथसूचीत पाच खंडांचं म्हणून नोंदलेलं आहे. सोंग काळात तेही दिसेनासं होतं.

निबंधात त्साओ फी म्हणतो की आयुष्य संपतं, सुख देहाबरोबर जातं, पण लेखनाला अंत नाही. दगडाच्या बाबतीत तो सपशेल चुकला. लेखनाच्या बाबतीत बरोबर ठरला, पण दुसऱ्या कोणाच्या तरी संग्रहाच्या भरवशावर.

राजपुत्राची चाळणी

श्याओ थोंग (५०१–५३१) हा ल्यांग घराण्याचा युवराज, सम्राट होण्याआधीच वारला. त्याच्या वाड्यात तीस हजार खंडांच्या आसपास पुस्तकं होती असं इतिहास सांगतो. त्यातून त्याने आणि त्याच्याकडच्या विद्वानांनी सुमारे एकशे तीस लेखकांच्या सातशेच्या वर रचना निवडल्या.

प्रस्तावनेत तो निवडीचे नियम सांगतो. अभिजात धर्मग्रंथ घेणार नाही, त्यांना कात्री लावण्याचं धाडस कोण करणार. लाओ-ज्वांग किंवा ग्वान-मंग यांच्यासारख्या विचारवंतांचे ग्रंथही नाहीत, कारण त्यांचा भर विचारावर, लेखनकौशल्यावर नव्हे. इतिहासही नाही, फक्त त्यातल्या सुबक लिहिलेल्या समालोचनांपुरता अपवाद.

आता ‘दियान लुन’ कुठे बसतं ते पाहा. स्वे सूचीत ते विचारवंतांच्या विभागात, कन्फ्यूशियन मताच्या पुस्तकांत मोडतं. नियम काटेकोर पाळला असता तर ते दाराबाहेरच राहिलं असतं. पण संग्रहात ‘लुन’ म्हणजे विवेचनात्मक निबंधांचं एक वेगळं दालन होतं, आणि एक प्रकरण सुटं करून त्या दालनातून आत घेतलं गेलं. साहित्यावरचं प्रकरण साहित्याच्या संग्रहकाराला आवडलं, यात नवल नाही. बाकीची प्रकरणं याला त्याला लागली तशी तुकड्यातुकड्यांनी उरली. पेई सोंगजीला इतिहासासाठी त्साओ फीची आत्मकथा हवी होती, म्हणून तिचा लांब उतारा त्याच्या टीपेत आहे: लहानपणी घोडा, धनुष्य, तलवार कशी शिकलो वगैरे.

श्याओ थोंगची निवड टिकण्यामागे नशीबही होतं. त्याचा धाकटा भाऊ श्याओ यी पुढे सम्राट झाला, तोही मोठा पुस्तकवेडा. ५५४ मध्ये जियांगलिंगला शत्रूचा वेढा पडला, शहर पडणार हे दिसलं, तेव्हा त्याने स्वतःच्या हुकमाने एक लाख चाळीस हजार खंड जाळले. थोरल्याचा तीस खंडांचा वेचा तोवर नकलांतून बाहेर पसरलेला होता.

पुढे थांग काळात परीक्षेला बसणारा प्रत्येक जण हा संग्रह घोकू लागला. सोंग काळातली म्हण आहे: वेन श्युआन मुरलं की अर्धी पदवी पदरात. परीक्षेला लागलेलं पुस्तक बुडत नाही. शिळेपेक्षा अभ्यासक्रम टिकाऊ.

मोडकी केरसुणी

ली शान मूळचा यांगजोऊकडचा. त्याचा व्यासंग अफाट, पण स्वतःला लिहायला जमत नसे, म्हणून लोक त्याला ‘पुस्तकांची टोपली’ म्हणत. ६५८ मध्ये त्याने तीस खंडांचे साठ करून टीपांसह ‘वेन श्युआन’ सम्राटाला सादर केलं. टीपांत त्याने सोळाशे-सतराशे ग्रंथांतून उतारे घेतले आहेत. मोजणाऱ्यागणिक आकडा थोडा बदलतो. त्यातले बहुसंख्य ग्रंथ आज नाहीत. आपली पद्धत तो पहिल्याच खंडात सांगून टाकतो: आधीचं देऊन नंतरचं उलगडायचं, म्हणजे लेखकाने कोणाचा वारसा घेतला ते दिसेल. अर्थ तो क्वचितच सांगतो. मूळ कुठे आहे ते दाखवतो आणि पुढे जातो.

आपल्या निबंधात याचा एक नमुना आहे, आणि तो मला पत्रापेक्षाही रंजक वाटतो. लेखकाला स्वतःचे दोष दिसत नाहीत हे सांगताना त्साओ फी एक गावरान म्हण देतो: घरची मोडकी केरसुणीसुद्धा हजार मोहरांची वाटते. आपल्याकडच्या ‘आपला तो बाब्या’च्या जवळची.

या म्हणीखाली ली शान ‘दोंगग्वान हान जी’ या ग्रंथातला उतारा देतो. हा उत्तर हान घराण्याचा दरबारी इतिहास. प्रसंग इ. स. ३६ चा. सम्राट ग्वांगवूचा सेनापती वू हान याने शू प्रांताची राजधानी चेंगदू घेतली आणि सैन्याला मोकाट सोडलं. लूट झाली, आगी लागल्या. सम्राटाने उपसेनापती ल्यू यू याला खडसावलं: शहर शरण आलं होतं, तान्ही पोरं आणि म्हाताऱ्या आया मिळून हजारोंनी माणसं होती, एका दिवसात सैन्य सोडून आग लावलीस, ऐकून डोळ्यांत पाणी येतं. घरची मोडकी केरसुणीही हजार मोहरांची असते. तू राजघराण्यातला, कारभार केलेला माणूस, हे करायला तुझं मन धजलं कसं?

निबंधात म्हण लेखकाच्या अहंकाराची खिल्ली उडवते. हुकमात तीच म्हण जळालेल्या घरांसाठी कळवळते: गरिबाच्या घरातलं मोडकं सामानही त्याला जिवापाड असतं, आणि तुम्ही ते पेटवलंत. दीडशे-दोनशे वर्षांत म्हणीचा सूर किती बदलला, हे ली शानने काहीही न सांगता दाखवून दिलं.

आता हाच प्रसंग फान ये (३९८–४४५) याच्या ‘होऊ हान शू’त पाहू. उत्तर हान काळाचा प्रमाण इतिहास म्हणून आज जो वाचला जातो तो हा. तिथेही हुकूम आहे, पोरं आणि म्हाताऱ्या आहेत, ‘मन धजलं कसं’ आहे. पण केरसुणी नाही. तिच्याऐवजी शेवटी दोन विद्वत्तापूर्ण दाखले मिळतात, एक हरणाचं पाडस सोडून देणाऱ्याचा आणि दुसरा स्वतःच्या मुलाचा रस्सा पिणाऱ्याचा: वर आकाशाकडे पाहा, खाली जमिनीकडे पाहा, या दोघांत दयाळू कोण? आणि उपसेनापतीचं नावही वेगळं आहे, ल्यू शांग.

मला यातून असं दिसतं की फान येने हुकमाला इस्त्री केली. सम्राटाच्या तोंडी खेडवळ केरसुणी त्याला शोभली नसावी. ‘दोंगग्वान हान जी’ कधी काळी एकशे त्रेचाळीस खंडांचं होतं. फान येचं पुस्तक सुबक, म्हणून लोक तेच वाचू लागले आणि मोठं पुस्तक हळूहळू नाहीसं झालं. ली शानच्या काळात ते अजून हाताशी होतं. त्याला म्हणीचं मूळ हवं होतं, इतिहासाची दुरुस्ती नको होती. तरी त्याच्या गरजेने सम्राटाचा तो घरगुती संताप वाचला. अर्थात त्यानेही केरसुणीपुरतंच कापलं. पाडस आणि रस्सा त्याच्या टीपेत नाहीत.

ग्वांगवूच्या कारकिर्दीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पहिल्या मंडळींत बान गू होता, हे इथे आठवतं. ‘दोंगग्वान हान जी’ची सुरुवातच त्या कामातून झाली. तेव्हा या एका निबंधात बान गू दोनदा आला असण्याची शक्यता आहे: वर नाव घेऊन, खाली टीपेत बिननावाने.

जोडीचा, की जोडीचा नाही?

अवतरण एकाच वाटेने आलं तर त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन वाटांनी आलं की भांडण सुरू होतं. निबंधाच्या मधल्या भागात त्साओ फी सात समकालीन लेखकांचं मोजमाप करतो. हाच भाग पेई सोंगजीनेही ४२९ च्या आपल्या टीपेत त्या सातांपैकीच एक, वांग त्सान, याच्या चरित्राखाली उतरवला आहे, म्हणजे ‘वेन श्युआन’च्या जवळजवळ शतकभर आधी.

‘वेन श्युआन’ म्हणतं: वांग त्सान दीर्घकाव्यात निपुण; श्यू गानच्या लेखनात अधूनमधून छी प्रांताचा संथपणा येतो, तरीही तो वांग त्सानच्या जोडीचा आहे. पेई सोंगजीची प्रत म्हणते: श्यू गानमध्ये अधूनमधून मुक्त झेप दिसते, तरीही तो वांग त्सानच्या जोडीचा नाही.

निकाल उलटा. आणि पाहण्यासारखं हे की दोन्ही वाक्यं आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. एकात दोष सांगून ‘तरीही बरोबरीचा’, दुसऱ्यात गुण सांगून ‘तरीही कमी’. कोण्या नकलाकाराने एक शब्द बदलला आणि वाक्य बसेना म्हणून पुढच्याने दुसरा बदलला, असं काहीतरी झालेलं दिसतं.

माझं माप ‘वेन श्युआन’च्या पारड्यात पडतं, त्याला दोन कारणं. पुढच्याच वाक्यात त्साओ फी दोघांच्या चार-चार रचनांची नावं सारख्या मानाने देतो आणि म्हणतो की जांग हंग आणि त्साय योंग हे हान काळातले नामवंत लेखकही यांच्या पुढे जाणार नाहीत. ‘जोडीचा नाही’ म्हटल्यावर लगेच असं कोण लिहील? शिवाय श्यू गान होता बेहाईचा, म्हणजे जुन्या छी प्रदेशातलाच. छीच्या संथपणाचा शेरा त्याला नेमका लागू पडतो. ली शानही इथे हान इतिहासाच्या भूगोलखंडातून छीच्या संथ चालीचा दाखला देतो, त्यात छीच्या जुन्या गीताची एक ओळही येते.

मग ‘मुक्त झेप’ आली कुठून? माझा अंदाज असा. वू जीला लिहिलेल्या त्या पत्रात त्साओ फी अगदी हेच शब्द वापरतो, पण ल्यू जेनबद्दल. ल्यू जेनचं व्यवहारातलं नाव गोंगगान. त्यातलं ‘गान’ आणि श्यू गानमधलं ‘गान’ हे एकच अक्षर. दोन्ही मजकूर तोंडपाठ असलेल्या नकलाकाराची लेखणी इथे घसरली असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

त्या आठ रचनांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. वांग त्सानच्या चार, त्यात ‘मनोऱ्यावर चढताना’ ही एक. श्यू गानच्या चार: काळं माकड, गळका प्याला, गोल पंखा, संत्रं. आठांपैकी संपूर्ण आज एकच मिळते, ती ‘मनोऱ्यावर चढताना’, कारण ती ‘वेन श्युआन’च्या अकराव्या खंडात आहे. इतरांपैकी काहींचे तुकडे कोशांत सापडतात, काहींचं नुसतं नाव. छीचा संथपणा म्हणजे काय, हे श्यू गानच्या दीर्घकाव्यावरून पडताळायची सोय राहिलेली नाही. त्साओ फी बरोबर होता की नाही, कोणी सांगावं.

थरावर थर

ली शानने टीपा एकदाच लिहून संपवल्या असंही नाही. थांग काळाच्या उत्तरार्धातला ली ख्वांगयी सांगतो की पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेरीच्या टीपा लिहिल्याबरोबर लोक उतरवून नेत, आणि सगळ्याच आवृत्त्या फिरत राहत. ७१८ मध्ये पाच विद्वानांनी मिळून नवी टीका, म्हणजे भाष्य, सादर केली. त्यांची तक्रार होती की ली शान नुसती पुस्तकं उद्धृत करतो, अर्थ सांगतच नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तक्रार रास्तच होती, आणि त्यांची टीका खपलीही भरपूर. पण त्यांच्या टीकेत सम्राट ग्वांगवूचा संताप शोधायला कोणी जात नाही.

नंतर छापणाऱ्यांनी दोन्ही टीका एकत्र केल्या. ११८१ मध्ये यौ माओने ली शानची स्वतंत्र आवृत्ती छापली आणि ती प्रमाण ठरली. १८०९ मध्ये हू खजियाने ती पुन्हा छापताना दाखवून दिलं की तिच्यातही दोन्ही टीकांची मिसळ आहे. तुलनेला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली, वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत सापडलेली एक गुंडाळी उपयोगी पडते. जांग हंगच्या पश्चिम राजधानीवरच्या काव्याची ती ली शानच्या टीपांसह केलेली नक्कल, ६८१ ची, म्हणजे ली शान हयात असतानाची. छापील पुस्तकातल्या टीपा तिच्याशी ताडल्या की मधल्या पाच शतकांत काय काय चिकटलं ते ओळीओळीने दिसतं. कोरियात १४२८ मध्ये छापलेली प्रत सोलमध्ये आहे. तिच्यात ली शानचा पाठ कोणता आणि पाच विद्वानांचा कोणता, हे जागोजागी नोंदलेलं असल्याने तीही हाताशी ठेवावी लागते.

चिंग काळात (१६४४–१९१२) विद्वानांनी उलटा प्रवास सुरू केला: तुकडे परत एकत्र करायचे. याओ जीयिनने ‘दोंगग्वान हान जी’चे आठ खंड जमवले, पुढे दरबारी संपादकांनी चोवीस. यान खजुन (१७६२–१८४३) याला थांग गद्याच्या दरबारी प्रकल्पात बोलावलं नाही, म्हणून त्याने थांगपूर्व सगळं गद्य एकट्याने गोळा करायला घेतलं आणि सातशे शेहेचाळीस खंड भरले. त्यात ‘दियान लुन’चे तुकडे एका जागी आहेत, आणि बान गूच्या नावाखाली भावाला लिहिलेली पत्रंही: टोमणा, रेशमाचे ठाण, आठ लाखांचे गालिचे, एकाखाली एक. वाचणाऱ्याला तो सलग पत्रव्यवहार वाटावा अशी ती मांडणी आहे. यानने प्रत्येक तुकड्याशेवटी तो कुठून घेतला ते बारीक अक्षरात दिलेलं आहे, आणि त्या पानावर डोळा आधी तिकडे जायला हवा.